वाचनकट्ट्यासाठी ऐतिहासिक कादंबरी सुचवा (अट एकच: वाद झाला पाहिजे)

मासुंदा | ३ ऑगस्ट, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी,

ठाण्यात आमचा नऊ जणांचा वाचनकट्टा आहे. महिन्यातून एकदा, कुणाच्या तरी घरी, चहा आणि जे असेल ते. सगळ्यात लहान मेंबर चोवीस वर्षांची, सगळ्यात मोठ्या आजी शहात्तरच्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरला ऐतिहासिक कादंबरी घ्यायची असं ठरलंय आणि तिथेच गाडी अडलीय. नऊ जणांची अकरा नावं आली.

अडचणी सांगते. मागच्या वर्षी एक हजारपानी ठोकळा घेतला होता, तो दोघांनीच पूर्ण केला. बाकीच्यांनी मोबाइलवर सारांश वाचून माना डोलावल्या (त्यात मी पण होते). आजींना बारीक टाइप दिसत नाही, त्यामुळे त्यांना कुणीतरी वाचून दाखवायला लागतं. आणि मुख्य म्हणजे, ‘काय सुंदर लिहिलंय ना’ असं म्हणून वीस मिनिटांत पोह्यांवर येणारी चर्चा नको. भांडण हवंय. पुस्तकावरून.

सुचवा.

गडवाट | ३ ऑगस्ट, रात्री ११:०५

श्रीमान योगी. विषय संपला.

ढापण्या | ३ ऑगस्ट, रात्री ११:३१

गडवाट, धागा नीट वाचा हो, ताईंना हजार पानांचाच तर जाच झालाय :)

पण ताई, एक सुचवतो. श्रीमान योगी अख्खी नका घेऊ, तिला नरहर कुरुंदकरांनी लिहिलेली प्रस्तावना तेवढी घ्या. ती मुळात रणजित देसाईंना लिहिलेलं लांबलचक पत्र आहे. कादंबरीकाराच्या हातात इतिहास किती द्यायचा आणि कुठे त्याचा हात धरायचा, हे त्यात जेवढं उलगडलंय तेवढं मी मराठीत दुसरीकडे फारसं वाचलं नाही. एक बैठक आरामात निघेल.

गडवाट | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१२

प्रस्तावना वाचून कादंबरी सोडायची? म्हणजे सत्यनारायणाला जाऊन प्रसाद न घेता परत यायचं.

कुजकट_काकू | ४ ऑगस्ट, सकाळी ९:२०

मासुंदा, तुला भांडण हवंय ना, मग महाराजांवरचं काहीच घेऊ नकोस. अनुभवाचे बोल आहेत. आमच्या भिशीच्या बायकांनी घेतलं होतं. देव्हाऱ्यातल्या माणसावर चर्चा होत नाही, आरती होते. एकीने जरा शंका काढली की अमुक प्रसंग असा घडला असेल का, तर दुसरी दोन महिने तिच्याशी बोलली नाही. असलं भांडण तुला नको असणार.

बोरकूट | ४ ऑगस्ट, सकाळी १०:०२

छावा??

मासुंदा | ४ ऑगस्ट, दुपारी १:१५

बोरकूट, अकरा नावांत पहिलं तेच होतं. पण २०२५ ला सिनेमा आला तेव्हा आमच्यातल्या सात जणांनी पाहिला. आता कुणी कादंबरी उघडली तरी डोळ्यांपुढे पडदाच येतो. शिवाजी सावंतांनी १९७९ मध्ये काय लिहिलं आणि पडद्यावर काय दिसलं, एवढ्यावरच दोन तास जातील. पुस्तक राहील बाजूला.

काकू, आरतीचं पटलं.

पेठकर | ४ ऑगस्ट, दुपारी ३:४८

मग माधवराव पेशव्यांवरची ‘स्वामी’ घ्या. पानं चारशेच्या आसपास, भाषा गोड, टाइप बरा. १९६२ चं पुस्तक आहे, १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे, पण ते सोडा. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं, समोर पानिपतानंतरचं रिकामं घर, शेजारी राघोबादादांसारखा काका आणि सत्ताविसाव्या वर्षी क्षयाने मृत्यू. ही कथा कुणी कशीही सांगितली तरी घशात आवंढा येतो.

आणि नोव्हेंबर आहेच तुमच्याकडे. माधवराव गेले १८ नोव्हेंबर १७७२ ला, थेऊरला. ठाण्याहून सकाळी निघालात तर चिंतामणीचं दर्शन, नदीकाठी रमाबाईंचं वृंदावन आणि तिथेच बैठक. आम्ही केलं होतं असं एकदा. पुस्तक अर्धंच वाचून आलेल्यांनी परतीच्या बसमध्ये उरलेलं वाचलं.

मासुंदा | ४ ऑगस्ट, रात्री ९:३०

पेठकर काका, सहल मस्तच. पण ‘स्वामी’ आमच्याकडे सगळ्यांची ‘वाचलेली’ आहे. म्हणजे शाळेत बक्षीस मिळालेली, कपाटात असलेली.

आमची चोवीस वर्षांची मेंबर मात्र म्हणाली, घ्याच. तिचं म्हणणं, रमाबाई सती जातात ते आपण प्रेमाचा कळस म्हणून वाचतो, मला ते तसं वाचताच येत नाही. आजी म्हणाल्या, मग कसं वाचतेस ते सांग. तेव्हा भांडणाची शक्यता आहे. यादीत ठेवते.

रद्दीप्रेमी | ५ ऑगस्ट, पहाटे १:१२

सगळे १९६० च्या पुढेच का घुटमळताय? मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी रा. भि. गुंजीकरांची मोचनगड, १८७१ ची. हरिभाऊ आपट्यांची उषःकाल १८९० च्या दशकातली, ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आलेली. हरिभाऊ १९१९ ला गेले, त्यामुळे प्रताधिकार कधीच संपलाय आणि नेटवर फुकट वाचता येतं. अक्षर हवं तेवढं मोठं करा, आजींचाही प्रश्न सुटला.

आणि मूळ वाचकांनी वाचली तशीच वाचा ना. दर आठवड्याला थोडी. पुढचं वाचायचं नाही, चोरून तर नाहीच. शेवटी काय होणार यावर पैजा लावा. आत्ताच्या वेबसिरीजवाल्यांना वाटतं हे यांनीच शोधलं.

बोरकूट | ५ ऑगस्ट, सकाळी १०:४०

रद्दीप्रेमी, उषःकालची भाषा झेपेल का पण? मी दहा पानांत गळलो होतो. दोन पानं होतात तरी वाक्य संपत नाही.

रद्दीप्रेमी | ५ ऑगस्ट, सकाळी ११:०३

मोठ्याने वाचा. हरिभाऊ कानाने वाचायचे लेखक आहेत. घरात एक जण वाचतोय आणि बाकीचे ऐकताहेत असं समजून वाचलं की वाक्य बरोबर जागेवर वळतं.

सनीवेलचा_सदू | ५ ऑगस्ट, दुपारी १२:२२

इकडे कॅलिफोर्नियात आमचा गट आहे, बारा जण, त्यातले चार अमराठी नवरे-बायका. गेल्या हिवाळ्यात विश्वास पाटलांचं पानिपत घेतलं. १९८८ चं पुस्तक, जाडजूड आहे, पण पळतं. मराठी न येणाऱ्यांनी इंग्रजी अनुवाद वाचला.

मासुंदा, तुम्हाला भांडण हवंय ना, मग हे घ्याच. आमच्याकडे शेवटी दोन पक्ष झाले. एकांचं म्हणणं, भाऊसाहेबांनी यात्रेकरू आणि बाजारबुणगे सोबत नेले तिथेच हरले. दुसरे म्हणाले, मल्हारराव होळकर रणातून निघून गेले त्याचं काय? मग इब्राहिमखान गारद्याच्या तोफा आणि गोलाची लढाई (सगळ्या फौजेने एकत्र गोल धरून लढायचं) मराठ्यांच्या घोडदळाला कधी पचलीच नाही, यावर एक तास. रात्री साडेबारा वाजता एका घरमालकिणीने दिवे मालवून आम्हाला बाहेर काढलं. दोन महिन्यांनी पॉटलकला भेटलो तरी तोच विषय.

यमुनातीर | ५ ऑगस्ट, रात्री ८:१५

दिल्लीला नोकरीला असताना पानिपतला दोनदा गेलो. काला आंब म्हणतात त्या जागी स्मारक आहे. आजूबाजूला शेतं. पहिल्यांदा गेलो तेव्हा काहीच वाटलं नाही. खरं सांगायचं तर भूक लागली होती आणि ढाबा शोधत होतो.

नंतर कादंबरी वाचली आणि जानेवारीत परत गेलो. सकाळी दहापर्यंत धुकं हटलं नव्हतं, हात खिशातून निघत नव्हते. १४ जानेवारीला, उपाशीपोटी, अंगावर दख्खनचे कपडे. अब्दाली बागपतला यमुना ओलांडून आला आणि मराठ्यांची दक्षिणेची वाट तोडली, हे नकाशावर वाचताना एक ओळ असते. तिथे उभं राहिलं की कळतं, पुणे मागे राहिलं आणि मधे शत्रू बसला म्हणजे काय. पुस्तकाने ती थंडी मला आधीच दिली होती, जागेने नंतर.

गडवाट | ५ ऑगस्ट, रात्री ९:०१

परत पराभवच. आपण मराठी माणसं हरलेल्या लढाईवर जेवढं लिहितो तेवढं जिंकलेल्यावर लिहीत नाही. आमच्या घरी अजून म्हणतात, विश्वास तर पानिपतातच गेला.

तोतया_नंबर_दोन | ६ ऑगस्ट, सकाळी ८:४४

आयडीमुळे मला बोलायलाच हवं. ;)

पानिपत झाल्यावर घरी काय झालं ते वाचायचं असेल तर ना. सं. इनामदारांची शिकस्त. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंची. नवरा गेला हे त्यांनी कधी मान्यच केलं नाही, शेवटपर्यंत सौभाग्यलेणं उतरवलं नाही. पुढे भाऊसाहेब म्हणवून घेणारा तोतया उभा राहिला, माणसं त्याच्यामागे जायला लागली, त्याचं बंड झालं, १७७६ ला तो पकडला गेला आणि त्याला मारलं. आता त्या बाईच्या जागी बसून विचार करा. सगळा दरबार सांगतोय तोतया, आणि ही वाट बघणारी एकटी.

निम्म्यांनी पानिपत, निम्म्यांनी शिकस्त वाचायची. बैठकीत एक गट रणावरून बोलेल, दुसरा माजघरातून.

मासुंदा | ६ ऑगस्ट, सकाळी ९:१०

तोतया, हे भारी आहे. आत्तापर्यंतचं सगळ्यात भारी.

कुजकट_काकू | ६ ऑगस्ट, दुपारी ४:३७

इतकी वीरश्री आणि अश्रू झाले, आता जरा उतारा. नंदा खरे यांची अंताजीची बखर. सांगणारा अंताजी ना वीर ना हुतात्मा. पेशवाईतला एक चलाख, जीव वाचवणारा माणूस, हेरगिरी करतो, डोळे उघडे ठेवतो आणि मोठ्यांची फजिती निर्विकार चेहऱ्याने लिहून ठेवतो. बंगालही येतं त्यात. मराठ्यांच्या स्वाऱ्यांकडे बंगालची माणसं कशी बघत होती हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलं होतं का? आणि आवडलीच तर पुढची बखर अंतकाळाची आहे.

सडपातळ पुस्तक आहे. ठोकळ्याने भाजलेल्यांना बरं.

गडवाट | ६ ऑगस्ट, दुपारी ५:०२

आपल्याच लोकांची टिंगल करणारं कशाला वाचायचं?

कुजकट_काकू | ६ ऑगस्ट, दुपारी ५:०६

बघ मासुंदा. पुस्तक उघडायच्या आत भांडण सुरू. घेऊन टाक.

कळव्याचा_पूल | ७ ऑगस्ट, रात्री ११:५०

उशीर झाला, पण एवढा वेळ सगळं वाचून एकच प्रश्न पडला. मासुंदाताई, तुम्ही ठाण्याच्या ना? आणि थेऊर, पानिपत, बंगाल सगळं झालं आणि ठाण्याचं एकही नाव नाही?

ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ ला मराठ्यांनी घेतलेला, १७७४ ला इंग्रजांकडे गेलेला. मी रोज त्याच बाजूने स्टेशनला जातो. याच किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे कैदेत होता. जुलै १८१५ मध्ये पंढरपूरला गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला, इंग्रजांनी त्याचा ठपका त्रिंबकजीवर ठेवला, रेसिडेंट एल्फिन्स्टनने बाजीरावावर दबाव आणून त्याला ताब्यात घेतलं आणि इथे आणून ठेवलं. पहाऱ्यावर मुद्दाम सगळे गोरे. एतद्देशीय शिपाई फितूर होईल म्हणून.

आणि तेच त्यांना नडलं. एका साहेबाच्या घोड्याचा मोतद्दार मराठी होता. तो घोडा फिरवताना, खरारा करताना किल्ल्याखाली गाणी म्हणायचा. गोऱ्या पहारेकऱ्यांना वाटायचं, म्हणत असेल काहीतरी. त्या गाण्यांत सगळा बेत होता. सप्टेंबर १८१६ च्या एका रात्री त्रिंबकजी भिंतीला भगदाड पाडून निघून गेला.

ना. सं. इनामदारांची झेप, १९६३, हीच त्या त्रिंबकजीची कादंबरी. कादंबरीत काय कसं येतं ते सांगत नाही, तुम्हीच वाचा. पण ज्याच्या भिंतीजवळून रोज रिक्षाने जाता, त्याच्यावरचं पुस्तक सोडून पानिपतला कशाला जाताय?

बखरबहाद्दर | ८ ऑगस्ट, सकाळी ७:३०

पूल, किस्सा रंगवून सांगितलात, पण त्रिंबकजीला नायक करण्याआधी थांबा. बाजीरावाच्या कानाला लागून कारभार चालवणारा, वसुलीचे मक्ते जो जास्त बोली लावेल त्याला देण्याच्या त्या काळातला माणूस आहे हा. शास्त्र्यांचा खून झाला तो भर पंढरपुरात, आणि ते इंग्रजांच्या हमीवर आले होते. आपल्या मातीतला म्हणून त्याचं सगळं पोटात घालायचं?

कळव्याचा_पूल | ८ ऑगस्ट, सकाळी ८:१२

बहाद्दर, खून कुणी करवला याचे कागद बहुतेक कुणाचे? ज्यांना पेशवाई गिळायची होती त्यांचे. त्रिंबकजी निसटला त्यानंतर वर्षाच्या आत, जून १८१७ ला, पुण्याचा तह बाजीरावाच्या गळ्यात मारला, त्यात पहिला आरोप हाच. मी म्हणत नाही तो निर्दोष. मी म्हणतोय, दोन्ही बाजूंनी बोलता येईल असा माणूस आहे. ताईंना हेच हवं होतं ना?

बखरबहाद्दर | ८ ऑगस्ट, सकाळी ८:४०

हे मान्य. पण मग अर्ध्या लोकांनी फिर्यादीकडून बसायचं, अर्ध्यांनी बचावाकडून. नाहीतर सगळेच त्रिंबकजीच्या प्रेमात पडतील. इनामदारांची तीच खोड आहे. इतिहासाने ज्याला ओवाळून टाकलं त्याला हे उचलून घेतात. मंत्रावेगळामध्ये दुसऱ्या बाजीरावालाही कडेवर घेतलंय.

ढापण्या | ८ ऑगस्ट, सकाळी ९:१५

खोड कसली, तोच तर त्यांचा गुण. बाकी लेखक गड चढतात, हे तळघरात उतरतात.

पेठकर | ८ ऑगस्ट, सकाळी १०:३०

थेऊरची सहल गेली म्हणायची. असो.

मासुंदा | ८ ऑगस्ट, रात्री १०:२०

मंडळी, आज कट्टा होता. ‘पूल’ यांची पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली. दोन मिनिटं शांतता. मग आमच्यातले एक काका म्हणाले, मी या तुरुंगासमोर बत्तीस वर्षं राहतोय, मला कुणी सांगितलं नाही.

मतं: झेप ५, शिकस्त ३, अंताजी १ (ते मत कुणाचं ते काकूंना कळेलच, त्यांच्यासारखंच बोलते ती). शिकस्त जानेवारीत घेणार, पानिपताच्या महिन्यात.

आता प्रती. ग्रंथसंग्रहालयात चौकशी केली. एक प्रत बाहेर गेलीय, एक मिळेल. एक काकांकडे त्यांच्या वडिलांची आहे, तिची पहिली काही पानं वाळवीने खाल्लीत. बाकी मागवू. आजींना दर रविवारी आळीपाळीने वाचून दाखवायचं. गोनीदांच्या कादंबऱ्या वीणा देव आणि त्यांच्या घरचे वर्षानुवर्षं अभिवाचनातून लोकांपर्यंत नेत होते. आम्हाला तेवढं जमणार नाही, पण आजी ऐकून घेतील.

फिर्यादीचा पक्ष आजी घेणार आहेत. खुनाला माफी नाही म्हणाल्या.

गडवाट | ८ ऑगस्ट, रात्री १०:४१

श्रीमान योगीला एकही मत नाही??

मासुंदा | ८ ऑगस्ट, रात्री १०:४४

दादा, ती आमच्या सगळ्यांच्या घरी आहे. तुमच्या शब्दाला मान म्हणून कुरुंदकरांची प्रस्तावना डिसेंबरात.

कळव्याचा_पूल | ९ ऑगस्ट, रात्री १२:१०

ताई, आजींसाठी एक अजून. त्या मोतद्दाराचं गाणं कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर याने आपल्या प्रवासवर्णनात इंग्रजी पद्यात दिलंय. तो १८२४ ला चुनारच्या किल्ल्यात गेला होता. परत पकडल्यावर त्रिंबकजीला तिथे ठेवलं होतं. मतलब असा: झुडपाआड तिरंदाज लपलेत, झाडाखाली घोडा आहे, माझ्याबरोबर रानवाटेने कोण येतो? घोडे पंचावन्न, माणसं चोपन्न, पंचावन्नावा स्वार झाला की दख्खनला पुन्हा बरे दिवस.

मराठी गाणं, पण आपल्या हाती आलं ते इंग्रजीतून.

मासुंदा | १७ ऑगस्ट, रात्री ९:५५

आज पहिला रविवार झाला. वाचायला मी होते. सुरुवातीची पानं झाली आणि आजींनी हात वर केला. म्हणाल्या, थांब, त्या गाण्याचं मी आठवडाभर करतेय, लिहून घे. त्यांच्या माहेरी जात्यावर म्हणायच्या त्या चालीत त्यांनी म्हणून दाखवलं. जसं म्हटलं तसं देते.

झुडपाच्या आड धनू, घोडा झाडाच्या तळाशी
कोण येतो माझ्यासंगं आडरानाच्या वाटेशी
घोडी पंचावन्न उभी, गडी चोपन्नच सारे
पंचावन्नावा चढू दे, मग फिरेल हे वारे

आमची चोवीस वर्षांची म्हणाली, आजी, तुम्ही तर फिर्यादीकडून आहात ना?

आजी म्हणाल्या, आहेच. हे गाणं त्या मोतद्दाराचं आहे, त्याच्यावर कुणी खटला भरला होता का?

बखरबहाद्दर | १७ ऑगस्ट, रात्री १०:०३

आजींना नमस्कार सांगा. बचावपक्षाचं कठीण आहे.